सातवी चटई

सोमवार, ५ जानेवारी

आज तो आला. कामगार ऑफिसातला माणूस. सकाळी साडेदहाला, बायकांच्या पहिल्या चहाच्या वेळेला. पायातले बूट बाहेर काढून आत आला, त्यामुळे मला आधी वाटलं कोणी लसूण घेणारा आहे.

सातही जणी चटयांवर बसलेल्या होत्या. प्रत्येकीपुढे गड्ड्यांचा ढीग, बाजूला आपापलं टोपलं. तो उभ्या उभ्या म्हणाला, "पंखा का बंद?" म्हटलं, साहेब, पंखा लावला की सालं उडतात, मग तुम्हीच म्हणाल की कचरा का. तो हसला नाही. मग एकेकीला विचारत गेला — रोजचे किती मिळतात? किलोवर की दिवसावर? बायका माझ्याकडे बघायला लागल्या. रोशनीने तेवढं माझ्याकडे बघितलं नाही. खडाखडा बोलली. "किलोवर. हात चालला तर पोटापुरते, नाय चालला तर रिक्षापुरते."

माझ्या नवऱ्याने, राफेलने, त्याला खुर्ची आणून दिली. चहा विचारला, तो नको म्हणाला. मग मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं. तुमचा किलोचा भाव असा आहे की दिवसभर सोलूनही ह्या बायका किमान वेतनाला पोचत नाहीत. जानेवारीपासून नवे दर आहेत. ह्या महिन्यापासून प्रत्येकीला दिवसाचा पूर्ण पगार, बँकेत. मी परत येईन.

म्हटलं, कोणी सांगितलं तुम्हाला? आमचा गाळा मार्केटच्या मागे, बोर्ड नाही काही नाही. म्हणाला, ते सांगता येत नाही.

सांगता येत नाही म्हणजे कोणीतरी सांगितलंय.

मंगळवार, ६ जानेवारी

डोकं नुसतं भणभणतंय. सकाळपासून तीनदा कुलूप लावलं आणि तीनदा परत जाऊन बघितलं.

रोशनीच. दुसरं कोण? दिवाळीत बोनसच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "ताई, खारघरच्या मॉलमधल्या पोरींना काय मिळतं ठाव हाय का तुमाला?" मी म्हटलं होतं, मग जा मॉलमध्ये. तेच धरून बसली असणार.

राफेलला सांगितलं. बँकेतनं रिटायर झाल्यापासून त्याला सगळ्याला पुरावा लागतो. "तुला कोणी सांगितलं तिनं तक्रार केली म्हणून?" म्हटलं, तिच्या तोंडावर लिहिलंय. तो म्हणाला, "जोकबेद, ज्याने केली त्याने चूक केली का, ते सांग." मी ताट सरकवलं आणि उठले. चूक-बरोबर मला काय सांगतोस? बारा वर्षं हा गाळा मी चालवला. तू सकाळी पेपर वाचत होतास तेव्हा मी वाशीच्या मार्केटात पोती बघत होते. खाडीवर भराव पडला, मासळी गेली, टोपल्या रिकाम्या झाल्या, तेव्हा ह्या बायकांना बसायला जागा कोणी दिली? सरकारने?

बोलले ते सगळं. जास्तच बोलले. तो काहीतरी म्हणणार होता, मी बोलू दिलं नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

खारघरला जाऊन आले. इंद्रजीतचं ऑफिस आता काचेचं झालंय. त्याच्या किचनला सहा वर्षं माझी लसूण जाते, तिथून कंपन्यांच्या कँटीनना जातं जेवण. म्हटलं, भाऊ, किलोमागे थोडं वाढव. पगार वाढवायचे आहेत.

तो म्हणाला, "मॅडम, मशीनची सोललेली लसूण मला तुमच्यापेक्षा स्वस्त पडते. तुमच्या बायका पाकळीला खरचटू देत नाहीत, टिकते जास्त, म्हणून मी थांबलोय."

बरं, भाव नाही तर नाही. उठले, तर म्हणतो कसा, "आणि हो, पुढच्या महिन्यापासून एक कागद लागेल. तुमच्याकडे किमान वेतन देतात असा. आमच्या कंपन्या मागतात."

म्हणजे कागद हवा, पैसे वाढवायचे नाहीत! मी बसले परत. विचारलं, कसं द्यायचं ते तरी सांग. तो दार लावून म्हणाला, "सगळे करतात ते करा. खात्यात पूर्ण टाका. मग बायकांना म्हणावं, वरचे काढून आणून द्या. कागद पण झाला, पैसे पण वाचले."

येताना रिक्षात सारखा तोच हिशेब. भीमाबाई, सातांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, एटीएमच्या रांगेत उभ्या, मग पैसे पदरात बांधून माझ्याकडे. त्या देतील. एक शब्द न बोलता देतील. रोशनी देणार नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

लेकीचा, लियोराचा, इस्रायलमधल्या अश्दोदहून फोन. मी सगळं सांगितलं, इंद्रजीतचंही. ती हसत होती, मग गप्प झाली. म्हणाली, "आई, मला पॅकिंगमध्ये मिळतं ते पण किमान वेतनच आहे. ह्याच्या खाली कोणी देऊ शकत नाही म्हणून मी इथे भाडं भरते. माझ्या मालकाने म्हटलं असतं वरचे परत आण, तर तू काय म्हणाली असतीस?"

काय म्हणणार? त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

ऊन उतरलं. शब्बाथचा दिवा लावायचा आहे, मग उद्या संध्याकाळपर्यंत काम नाही, लिहिणं नाही. बंद करते.

रविवार, ११ जानेवारी

काल लिहायचं नव्हतं तरी डोक्यात लिहीतच होते. शब्बाथला हात गप्प बसतात, डोकं कुठे बसतं?

पैसे परत घ्यायचे नाहीत. ते ठरलं. लियोराचा आवाज कानातून जात नाही. पण सात जणींना पूर्ण पगार दिला तर गाळा होळीपर्यंतही चालणार नाही. पाच जणींना देता येईल, कसाबसा. म्हणजे दोघी कमी. राफेल म्हणतो, मालकाच्या घरचं माणूस कामाला बसलं तर त्याचा पगार धरावा लागत नाही, तू बस. मी बसले तर पोती कोण आणणार, इंद्रजीतच्या पाया कोण पडणार?

दोघी कोणत्या? मी ठरवलं तर उद्या म्हणतील, हिने तोंड बघून काढलं. म्हणून सगळ्यांना सांगितलं — महिनाअखेरपर्यंत संध्याकाळी प्रत्येकीचं टोपलं वेगळं तोलणार. ज्या दोघी मागे, त्यांना मला ठेवता येणार नाही. बाकीच्यांना दिवसाचा पूर्ण पगार, वजन काही भरो. काट्याला कोणाची दया नाही आणि कोणाचा रागही नाही.

सुनीता म्हणाली, मी तशीही गावाला चाललेय, नवऱ्याची बदली झाली, मला धरू नका. म्हणजे आता एकच.

सगळ्या गेल्यावर भीमाबाई मागे राहिल्या. ह्या माझ्या पहिल्या. गाळा उघडला त्या दिवशी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चालल्या होत्या, पाटीत चार बोंबील. आत डोकावून म्हणाल्या होत्या, "इथं काय इकता?" दुसऱ्या दिवसापासून बसल्या त्या बसल्या.

म्हणाल्या, "ताई, मला कमी द्या. पयलं देत होता तवढंच द्या. मी काय सरकारला सांगाया जाते?"

म्हटलं, भीमाबाई, तसं चालत नाही. तुम्ही लिहून दिलंत तरी चालत नाही. कमीवर राजी झालेल्या माणसालाही पूर्णच द्यावं लागतं, नाहीतर ठेवता येत नाही.

त्या म्हणाल्या, "मंजे ह्यो कायदा माझ्यासाठी केला, आन् माझंच काम जाणार?"

म्हटलं, बघू. काय बघू? त्यांचं वय झालं. सगळ्यात मागे त्याच राहणार हे लहान पोराला पण कळेल. काटा मी भीमाबाईंच्याच गळ्याला लावलाय.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. बायकांनी तिळगूळ आणला. रोशनीने माझ्या हातावर लाडू ठेवला आणि म्हणाली, "ग्वाड बोला, ताई." आणि हसली. म्हटलं, मी तर गोडच बोलते, मागून कोण काय बोलतं ते बघायला हवं. तिचं हसू गेलं. जाऊ दे. लाडू मात्र चांगला होता.

वजनात भीमाबाई मागे नाहीत. मधोमध आहेत. काटा बिघडला का बघायला मी साखरेचं पुडकं ठेवून पाहिलं. बरोबर होता.

गुरुवार, १५ जानेवारी

आजही मधोमध. म्हातारीने कंबर कसलीय.

रविवार, १८ जानेवारी

नवल वाटतंय ते लिहून ठेवते. रोशनी मागे पडलीय. रोशनी! जिचा हात सगळ्यात भरभर चालायचा, तिचं टोपलं काल सुटी असूनही आज अर्धं.

राफेल दुपारी डबा द्यायला आला होता. दारात उभा राहून म्हणाला, "रोशनीचा हात बघ, नुसता पळतोय." म्हटलं, हात पळतो आणि जीभही पळते, काट्यावर काय पडतं ते बघ. दिवसभर त्या भीमाबाईंच्या कानाशी लागलेली. दोघी एकाच आळीतल्या, खाडीकडच्या. चटईला चटई लावून बसतात, मधे दोघींची सालं एकत्र. ही हातवारे करून गोष्टी सांगते आणि भीमाबाई बोटांना चिंध्या गुंडाळून खाली मान घालून हसतात. म्हातारी काम करते, तरुण बाई गप्पा मारते. बरं झालं काटा लावला. नाहीतर मला वाटत राहिलं असतं की रोशनीशिवाय गाळा चालत नाही.

तिचं मन कामात नाही असंच दिसतंय. तक्रार करून मोकळी झाली, आता कशाला राबेल?

गुरुवार, २२ जानेवारी

भीमाबाई वाचणार! अजून आठवडा आहे, पण आता खाली जात नाहीत. मनावरचं एवढं मोठं ओझं उतरलं. आम्हा ज्यूंच्या एलियाहू हन्नाबीला, म्हणजे प्रेषित एलियाला, नवस बोलले होते — त्या राहिल्या तर मलिदा करीन. कोणाला सांगितलं नव्हतं. इथे सांगते.

शुक्रवार, २३ जानेवारी

मग चैन का पडत नाही? मार्केटात गेले आणि काय आणायला आले तेच विसरले.

मंगळवार, २७ जानेवारी

राफेलशी वाजलं. म्हणाला, "रोशनीला काढू नकोस. तिला बोलाव, विचार, तिचं वजन का पडतंय." म्हटलं, का विचारू? तिने मला विचारलं होतं तक्रार करायच्या आधी? तो म्हणाला, "परत तेच. तिने केली नसेल तर?" म्हटलं, मग कोणी केली, आकाशातून पडली?

तो उठून गॅलरीत गेला. चहा तिथेच थंड झाला.

एक खरं लिहिते. वजनावर काढायची म्हणते आहे, पण वजन उलटं आलं असतं, रोशनी वर आणि दुसरी कोणी खाली असती, तर मला एवढं हायसं वाटलं नसतं. तिने सगळ्यांसमोर त्या माणसाला "रिक्षापुरते" म्हणून सांगितलं ते मला लागलंय. खोटं नव्हतं म्हणून जास्त लागलंय.

गुरुवार, २९ जानेवारी

सांगितलं तिला.

मी वाक्यं तयार करून गेले होते. काही लागलं नाही. म्हटलं, रोशनी, काटा काय म्हणतो ते तुला दिसतंच आहे. म्हणाली, "व्हय ताई. दिसतंय." म्हटलं, ह्या महिन्याचा पूर्ण पगार खात्यात येईल. म्हणाली, "मना ठाव हाय, तुमी बुडवणाऱ्या नाय."

भांडली असती तर बरं झालं असतं. आपली सुरी धुतली, पदराला पुसली आणि भीमाबाईंच्या चटईवर ठेवली. "तुझी बोथट झालीय, ही घे." भीमाबाई मान वर करेनात. मला वाटलं, रडतायत. रडणारच, शेजारीण चालली.

राफेल जेवला नाही. पोट बरं नाही म्हणाला. ह्याच्या पोटाला दर वेळी बरी वेळ सापडते.

रविवार, १ फेब्रुवारी

पगार टाकले. प्रत्येकीच्या फोनवर मेसेज आला तेव्हा गाळ्यात पहिल्यांदाच एवढी शांतता झाली. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. एकीने तिथल्या तिथे मुलाच्या क्लासवाल्याला फोन लावला — "आज पूर्ण फी आणते, त्याला बाहेर बसवू नका." म्हणजे इतके दिवस पोरगा बाहेर बसत होता. माझ्या गाळ्यात रोज आठ तास बसणाऱ्या बाईचा पोरगा. मला माहीत नव्हतं.

भीमाबाईंनी फोन माझ्यापुढे धरला. वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "परत वाचा. चुकलं असंल." परत वाचलं. "येवढं?" म्हटलं, एवढं. त्यांनी फोन ब्लाउजमध्ये ठेवला, मग काढून परत बघितला.

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. आनंद झाला, आणि लाजही वाटली. हे इतकी वर्षं देता आलं असतं का? नसतं. थोडं तरी देता आलं असतं का? ते आलं असतं.

सोमवार, २ फेब्रुवारी

आज झाडांचा सण, आमचा मलिद्याचा दिवस. नवस फेडला. भिजवलेले गोड पोहे, वर खोबरं, वेलची, खजूर, केळी, द्राक्षं. राफेलने प्रार्थना म्हटली. शेजारपाजारच्यांना देऊन उरलेलं ताट गाळ्यावर घेऊन गेले. म्हटलं, ज्यांच्यासाठी नवस, त्यांच्या तोंडात आधी.

भीमाबाईंच्या हातावर खजूर ठेवला. खाली पडला. परत ठेवला. त्यांनी बोटं मिटायचा प्रयत्न केला, मिटली नाहीत. तळहात तसाच पसरलेला, बोटं वाकडी, सांधे सुजून सुपारीएवढे झालेले. त्यांनी पटकन दुसऱ्या हाताने पदर ओढला. "थंडीनं," म्हणाल्या. चिंध्या लसणाच्या आगीसाठी बांधतात असं मी समजत होते.

माझी नजर त्यांच्या टोपल्यात गेली. दुपारचे दोन वाजून गेले होते. टोपल्याचा तळ दिसत होता.

ताट घेऊन घरी आले. काही खाल्लं नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज विचारलं. बाकीच्या जेवायला बाहेर गेल्यावर खाली त्यांच्यासमोर बसले, रोशनीच्या जागेवर. म्हटलं, भीमाबाई, गेल्या महिन्यात टोपलं कोण भरत होतं?

त्यांनी मान वर केली. "तुमाला ठाव नव्हतं?"

नव्हतं म्हटलं.

"मना वाटलं ठाव हाय. म्हणून तिला काढलंत, तिला दुसरीकडं मिळंल म्हणून. मी म्हटलं, ताई शानी बाई, दोघींचं बघितलं."

दोघींचं बघितलं!

मग सगळं सांगितलं. गेल्या पावसापासून बोटं वळत नाहीत. किलोचा भाव होता तेव्हाही रोशनी बोलता बोलता ओंजळ इकडे टाकायची. काटा लावल्यावर तर अर्ध्याच्या वर. मधल्या सालांच्या ढिगाआडून. भीमाबाईंनी हात धरला होता तिचा — आगं, तुझी नोकरी जाईल. ती म्हणाली, "मी तरणी हाय. मना कुटंपन घेतील. तुला कोन घेनार?"

"आमच्याकडं काय नवीन नाय ते," भीमाबाई म्हणाल्या. "माझ्या सासऱ्याची होडी लागली ना, का आधी म्हाताऱ्यांचा वाटा काढायचे. जे दर्यावर जात नाय त्यांचा. मग बाकीच्यांचा. तिची आजेसासू खात होती त्यातलं. तिनं तेच केलं."

म्हणजे काटा बरोबर होता. टोपली चुकीची होती. आणि मी सगळ्यात चांगला हात स्वतःच्या हाताने घालवला, आणि वर नवस फेडला.

भीमाबाई म्हणाल्या, "आता मला पन जायला सांगा. सांगा, मी रडणार नाय." मी उठून बाहेर गेले. मीच रडले, पोत्यांच्या मागे.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

द्रोणागिरीला, बंदराकडे, गेले होते. रोशनी तिकडच्या एका गोदामात लागलीय, आळीतल्या कोणी सांगितलं. सगळं कंटेनरांचं साम्राज्य, एकाआड एक लोखंडी फाटकं, माणूस शोधायचं कुठे? सुटायच्या वेळेपर्यंत चहाच्या टपरीवर बसले. मग बायकांचा घोळका आला. ती मागे होती, गळ्यात फोटोचं कार्ड, पाय ओढत.

मला बघून घाबरलीच. "भीमामावशी बरी हाय ना?"

म्हटलं, बरी आहे. तू कशी आहेस? "चांगलं हाय, ताई. पगार पुरा देनार म्हणतात. फकस्त बसाया मिळत नाय. दिवसभर उभं. पिशवीला चिकटपट्टी लाव, ढकल, चिकटपट्टी लाव, ढकल. बोललं का सुपरवायझर वरडतो." मग हसली. "मना बोलल्याशिवाय जमत नाय, तुमाला तर ठावच हाय."

मी सांगितलं, मला सगळं कळलंय. ती चपलेने माती उकरत राहिली. म्हटलं, परत ये.

"आन् मावशी?"

मग तीच पुढे म्हणाली, "येते. पन दोघींचं एकच टोपलं धरायचं. आन् पगार दोघींना पुरा. तिला काढून मला घेणार असाल तर मी हितंच बरी. जमत असंल तर फोन करा."

कसं जमवू? सहा जणींचा पगार निघत नाही. तिथेच उभं राहून मनात दोनदा जुळवून पाहिलं. नाही निघत.

निघताना राहवलं नाही. विचारलं — तक्रार तूच केली होतीस ना?

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला रिक्षात बसून निघून जावंसं वाटलं. "मी? मना करायची असती तर तुमाला सांगून केली असती. तोंडावर. मी कदी काय मागून बोललेय का, ताई?"

नाही. कधीच नाही. तिचा तर तोच दोष होता.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मग कोण?

शनिवार, ७ फेब्रुवारी

आज लिहायचं नसतं. लिहितेय.

सकाळी जेवणाच्या टेबलावर राफेलला सगळं सांगितलं, रोशनी काय म्हणाली तेही. शेवटी म्हटलं, मग मेलं कोणी केली तक्रार? तो पाव मोडत होता. म्हणाला, "मी."

म्हणाला, "लियोराला तिचा मालक पूर्ण देतो की नाही, ते मला इथून दिसत नाही. इथलं रोज दिसत होतं. तुला दहादा सांगितलं. मग गेलो त्या ऑफिसात." म्हटलं, आणि मी रोशनीच्या नावाने बोटं मोडत होते तेव्हा? म्हणाला, "दोनदा तोंड उघडलं. तू बोलू दिलं नाहीस. तिसऱ्यांदा माझी हिंमत झाली नाही."

मग मी त्याला कपाटातला त्याचा जुना पायजमा काढून ठेवायला सांगितलं.

उद्यापासून सहा जणींचा पूर्ण पगार. रोशनी आणि भीमाबाई, एक टोपलं. सातवी चटई राफेलची. मालकाच्या घरच्या माणसाचा पगार धरावा लागत नाही, हे त्यानेच सांगितलं होतं. आठ तास बसेल, लसूण सोलेल, त्यातून सहावा पगार निघेल, आणि संध्याकाळी त्याचं टोपलं मी स्वतः तोलणार.

रोशनीला फोन मात्र शब्बाथ सुटल्यावर, चांदण्या दिसल्यावरच करेन.